टोबॅगोत जेवण साडेअकराला: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात कॅरिबियन समुद्रातल्या टोबॅगो बेटावर अर्धं पान लिहिलं होतं, क्राउन पॉइंट, तिथला स्टोअर बेचा किनारा आणि खेकड्याचं जेवण, बस एवढंच. त्यावर जे प्रश्न आलेत ते वाचून कळलं की बरेच जण खरंच निघालेत, कुणाची तर तिकिटंही काढून झालीत. म्हणून यावेळचं अख्खं सदर टोबॅगोला. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं पहिल्यांदाच कॅरिबियनला चाललोय. एजंट म्हणतो त्रिनिदाद काय नि टोबॅगो काय, एकच देश आहे, टोबॅगो दोन दिवसांत उरकतं, बाकीचे दिवस त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन शहरात काढा. बरोबर आहे का हे? आणि टोबॅगोत राहायचं कुठे?

उत्तर: देश एकच, पण बेटं दोन आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. त्रिनिदाद मोठं, तेल आणि गॅसवर चालणारं, गजबजलेलं. टोबॅगो जेमतेम चाळीसेक किलोमीटर लांब, मधोमध डोंगर आणि जंगल, चहूबाजूंनी समुद्र. ब्रिटिशांनी १८८९ मध्ये दोन्ही बेटं एका कारभाराखाली आणली, त्याआधी टोबॅगो आपलं आपण होतं, डच, फ्रेंच आणि इंग्रज त्याच्यावरून शेदोनशे वर्षं भांडत होते. दोन दिवसांत ते उरकेलही पण मग तुम्ही फक्त एक किनारा आणि एक बोट बघून परत याल, आणि इतक्या लांब जाऊन तेवढंच करायचं असेल तर मला खरंच वाईट वाटेल.

माझं मत विचाराल तर आठवडा काढा. पहिले चार-पाच दिवस क्राउन पॉइंटला, हे बेटाचं नैऋत्य टोक, विमानतळही इथेच, इतका जवळ की बॅग हलकी असेल तर स्टोअर बेपर्यंत चालत जाता येतं. गेस्टहाउस, छोटी हॉटेलं, स्वयंपाकघर असलेल्या खोल्या, सगळं इथेच आहे. मग उरलेले दोन-तीन दिवस उत्तरेला कॅस्टारा नावाच्या कोळ्यांच्या गावात किंवा पार टोकाला स्पेसाइडला. पोर्ट ऑफ स्पेनहून विमानाने साधारण पंचवीस मिनिटं लागतात, फेरीने तीन-चार तास, आणि फेरी क्राउन पॉइंटला नाही तर स्कारबरोला लागते जी टोबॅगोची राजधानी आहे. मधला समुद्र चांगलाच हलवतो, त्यामुळे बोट लागणाऱ्यांनी गोळी घेऊनच चढा.

पैशांचं पण इथेच सांगून टाकते. चलन टीटी डॉलर, एका अमेरिकन डॉलरला पावणेसातच्या आसपास. कुठेही भाव विचारताना कुठला डॉलर ते आधी विचारा, कारण हॉटेलं आणि टूरवाले बरेचदा अमेरिकन डॉलरमध्ये बोलतात आणि टपरीवाले टीटीमध्ये. टपऱ्यांवर रोख लागतं.

प्रश्न: मी घरात मासे-खेकडे खात मोठी झाले, त्यामुळे तुमचं ते क्रॅब अँड डंपलिंग वाचून राहवलं नाही. नक्की कसं असतं, कुठे खायचं, आणि त्याशिवाय काय खाऊ?

उत्तर: या प्रश्नाची वाटच बघत होते!

स्टोअर बेच्या किनाऱ्यासमोर, पार्किंगच्या कडेला जेवणाच्या टपऱ्यांची एक ओळ आहे. मिस जीन, मिस ट्रिम, मिस एस्मी अशी नावं पाट्यांवर, बायकांनी उभी केलेली, चालवलेली स्वयंपाकघरं आहेत ही. खिडकीशी जायचं, आज काय आहे ते विचारायचं, सांगायचं, डबा घ्यायचा आणि समोर बाकावर बसायचं. खेकडा समुद्रातला नाही तर जमिनीवरचा, बिळात राहणारा निळसर खेकडा, तो कवचासकट तोडून करीत शिजवलेला असतो. त्यांची करी पावडर हळदीकडे झुकणारी, त्यात नारळाचं दूध, लसूण, थाइम आणि शॅडो बेनी नावाची लांब पानांची एक हिरवी वनस्पती, वास कोथिंबिरीचा पण चौपट तीव्र. डंपलिंग म्हणजे मैद्याच्या जाड, चपट्या, उकडलेल्या चकत्या, चिवट असतात, नुसत्या खाल्ल्या तर काही विशेष लागणार नाहीत पण त्यांचं काम रस्सा पिण्याचं आहे आणि ते त्या चोख करतात.

खायची पद्धत अशी की आधी डंपलिंगचा तुकडा रश्शात दाबून ठेवायचा, तोपर्यंत नांगी घ्यायची, दातांनी तडकवायची, आतला रस्सा आधी ओढून घ्यायचा आणि मग मांस. रस्सा कवचाच्या आत शिरलेला असतो, सगळी चव तिथे आहे, नुसतं मांस काढून खाणारे निम्मं जेवण टाकून देतात. पिवळे डाग निघत नाहीत म्हणून पांढरे कपडे घालून जाऊ नका. हात धुवायला समोर समुद्र आहेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. टोबॅगोत मुख्य जेवण दुपारचं. पहाटे चुली पेटतात, अकराच्या सुमाराला सगळं तयार असतं आणि चांगलं ते आधी संपतं. आपण सुट्टीत उठणार नऊला, नाश्ता दहाला, मग पोहणार आणि अडीच वाजता भूक लागली म्हणून खिडकीशी जाणार, तेव्हा खेकडा संपलेला असतो, कधी कधी फक्त मॅकरोनी पाय, म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, उरलेली असते, आणि मग लोक येऊन सांगतात की टोबॅगोत खायला काही खास नाही. साडेअकराला जेवा. पाहिजे तर आधी पोहा, साडेसहाला समुद्र आरशासारखा असतो आणि किनाऱ्यावर माणसं कमी. रात्री हलकं खाल्लं तरी चालतं.

खेकडा नको असेल त्या दिवशी शंखातल्या मांसाची करी घ्या, त्याला तिथे लॅम्बी म्हणतात, किंवा किंगफिश, किंवा बोकडाची करी. सोबत प्रोव्हिजन मागा, म्हणजे यॅम, रताळं, कसावा, दशीन असे उकडलेले कंद. दशीन म्हणजे अळकुडीच्या कुळातलाच कंद, आणि त्याच्या पानांचं कॅललू करतात, भेंडी आणि नारळाचं दूध घालून घोटलेलं, ते खाताना घरच्या अळूच्या फदफद्याची आठवण आली नाही तर सांगा. सकाळी नाश्त्याला नारळाचा बेक, म्हणजे एक जाडसर पाव, आणि बुलजोल, म्हणजे खारवलेला मासा कांदा-टोमॅटोत कालवून. एकदा तरी खाच.

तिखटाबद्दल एक सूचना. तिथे पेपर म्हणजे मिरची, आणि साधीसुधी मिरची नाही. मोरुगा स्कॉर्पियन ही मिरची त्रिनिदादचीच, २०१२ मध्ये न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीच्या मोजणीत ती तेव्हाची जगातली सगळ्यात तिखट ठरली होती. आम्हाला तिखटाची सवय आहे असं म्हणून डावभर सॉस घालून घेऊ नका, पहिल्यांदा थेंबभरच.

प्रश्न: सासू-सासरे सोबत आहेत, दोघंही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. मासे आणि खेकड्यांच्या गावात त्यांची उपासमार होईल का? इथून खाकरे-थेपले किती न्यावेत?

उत्तर: थोडे न्या, प्रवासासाठी. पण उपासमार अजिबात होणार नाही आणि याचं कारण इतिहासात आहे. ३० मे १८४५ ला फातेल रझाक नावाचं जहाज मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागलं, पुढची सत्तरेक वर्षं माणसं जात राहिली, बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशकडची. ऊसमळे त्रिनिदादचे म्हणून ती वस्तीही मुख्यतः तिथेच झाली, टोबॅगोत आफ्रिकी वंशाचे लोक बहुसंख्य आहेत, पण खाणं मात्र समुद्र ओलांडून इकडे आलंच आणि आता ते सगळ्यांचं आहे.

सासूबाईंना पहिल्या सकाळी डबल्स खाऊ घाला. हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, त्यांना बारा म्हणतात, वर काबुली चण्याची करी, चिंचेची चटणी, काकडी, कुचेला म्हणजे किसलेल्या कैरीचं लोणचं. १९३६ मध्ये त्रिनिदादच्या प्रिन्सेस टाउनमध्ये दीन कुटुंबाने हे विकायला सुरुवात केली आणि आज अख्खा देश सकाळी तेच खातो. विकणारा कागदावर दोन बारा टाकतो, पळीने चणे, भराभर चटण्या, आणि मान वर न करता विचारतो, पेपर? उत्तर द्यायचं, स्लाइट. म्हणजे अगदी किंचित. उभ्यानेच, कागद हातावर धरून खायचं, सांडतं, सांडू दे. हे पण सकाळचं काम, उशिरा गेलात तर गाडी गेलेली असते.

दुपारी रोटीच्या दुकानात दालपुरी मागा, आत वाटाण्याची डाळ उकडून, वाटून केलेलं कोरडं सारण असतं, सोबत चणा-आलू, लाल भोपळा, बोडी म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, भाजी म्हणजे पालेभाजी. बस-अप-शट हा प्रकार पण घ्या, तव्यावरच काठ्यांनी झोडपून पदर मोकळे केलेला पराठा, करीत बुडवून खायला दालपुरीपेक्षा मला हाच जास्त आवडतो. नाश्त्याला टोमॅटो चोखा, वांग्याचा चोखा. रास्ताफारी पंथाच्या लोकांचं इटल जेवण मिळालं तर तेही बिनधास्त घ्या, मांस नसतं, फक्त मीठ फार कमी किंवा नसतंच.

जपायच्या जागा मात्र आहेत. कॅललूत बरेचदा खेकडा किंवा खारवलेलं मांस पडतं. राजमा किंवा तूरदाण्याच्या उसळीत डुकराच्या शेपटीचा तुकडा चवीला टाकतात, वरून दिसत नाही. मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं. त्यामुळे प्रत्येक पदार्थाला, यात मांस-मासे-अंडं काही आहे का असं एकेक नाव घेऊन विचारा, नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं की काही जण मासा चालतो असं समजतात. विचारल्याचा कुणी राग मानत नाही, उलट थांबून नीट सांगतात.

प्रश्न: आईचं वय ६८, पोहता येत नाही, गुडघे दुखतात. बुकू रीफ या प्रवाळ-खडकावर जाणारी काचेच्या तळाची बोट तिला झेपेल का? की आम्ही जाऊन यावं आणि तिला किनाऱ्यावर बसवावं?

उत्तर: किनाऱ्यावर बसवू नका हो, घेऊन जा! ही सहल त्यांच्यासाठीच आहे असं समजा. बोटी स्टोअर बे, पिजन पॉइंट आणि बुकू गावातून सुटतात, दोन-अडीच तासांची फेरी असते. बोटीच्या तळाला काच, त्यातून प्रवाळ, पोपटमासे, कधी कासव. त्यानंतर बोट नायलॉन पूलला थांबते, समुद्रात लांबवर एक पांढऱ्या वाळूचा उथळ पट्टा, पाणी साधारण कमरेइतकं. राजकन्या मार्गारेटने या पाण्याला तिच्या नायलॉनच्या मोज्यांची उपमा दिली आणि तेच नाव पडलं असं तिथे सांगतात. पोहता न येणारे इथे निवांत उभे राहतात. फक्त बोटीतून उतरायची शिडी उभी असते, गुडघ्यांचा विचार करून बोटवाल्याला आधीच सांगा, दोन माणसं धरून उतरवतात, आणि नाहीच जमलं तर बोटीतही मजा आहे. लाइफ जॅकेट मागून घ्या, दिलं नाही तर ती बोट सोडा.

बोट आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि सकाळच्या फेरीला जा, उन्हाच्या आणि वाऱ्याच्या आधी. जेवायला वेळेत परत येता आलं तर उत्तम, नाही तर टपरीवर सांगून डबा बाजूला ठेवून घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. बुकू रीफ १९७३ पासून संरक्षित सागरी उद्यान आहे. पूर्वी पर्यटकांना प्लास्टिकचे बूट देऊन चक्क प्रवाळावर चालवायचे, वर्षानुवर्षं, आणि त्याने फार नुकसान झालं. भरीस भर पाणी तापून २००५ आणि २०१० मध्ये ब्लीचिंग झालं, म्हणजे प्रवाळ पांढरा पडला. प्रवाळ दगड नाही, जिवंत आहे, त्यावर पाय ठेवायचा नाही, नांगर टाकू द्यायचा नाही, आणि फोटोसाठी स्टारफिश पाण्याबाहेर काढायचा नाही, बोटवाल्याने हातात आणून दिला तरी नाही म्हणायचं. सनस्क्रीनपेक्षा लांब बाह्यांचा स्विमिंग टॉप घाला.

पिजन पॉइंटला प्रवेश फी आहे, स्टोअर बेला नाही. गवताचं छप्पर असलेली ती लाकडी जेटी, जी टोबॅगोच्या प्रत्येक पोस्टरवर दिसते, ती पिजन पॉइंटची. आईसाठी हाच किनारा बरा, पाणी संथ, सावली आणि बसायला जागा भरपूर.

प्रश्न: मुलं ९ आणि १२ वर्षांची, दोघांनाही कासवं बघायचीत. कधी आणि कसं?

उत्तर: मार्च ते ऑगस्ट. लेदरबॅक कासवं, जगातली सगळ्यात मोठी, शेकडो किलो वजनाची, रात्री अंडी घालायला येतात, ग्रेट कूर्लंड बे ज्याला टर्टल बीचच म्हणतात तिथे, आणि जवळच्या स्टोनहेवन बे, माउंट अर्विनला. क्राउन पॉइंटहून गाडीने थोड्याच वेळात पोचता.

मुलांना आधी नीट समजावून न्या, म्हणजे कंटाळणार नाहीत. कधी तासन् तास अंधारात काही येत नाही. आणि मग आली की मादी आधी पुढच्या पायांनी वाळू उडवते, नंतर मागचा एक पाय आत घालते, ओंजळीसारखा वळवून वाळू वर आणते, बाजूला ठेवते, की लगेच दुसरा पाय आत. आळीपाळीने, डोळ्यांनी न बघता, बाजू न ढासळता ती तो खड्डा खणते. अंडी घालायला लागली की ती एका तंद्रीत असते, गाइड तेव्हाच जवळ नेतात, तेही मागच्या बाजूने. फ्लॅश नाही, मोबाइलचा टॉर्च नाही, फक्त गाइडचा लाल दिवा. स्वतःहून किनाऱ्यावर बॅटऱ्या घेऊन फिरू नका, उजेड दिसला की ती अंडी न घालता परत फिरते. सेव्ह अवर सी टर्टल्स ही तिथली संस्था कासवांसाठी काम करते, प्रशिक्षित गाइड कुठला घ्यायचा ते अशा लोकांना किंवा हॉटेलला विचारा. कासवं मारायला २०११ पासून देशात बंदी आहे, त्याआधी मोसमात शिकार कायदेशीर होती, हे मुलांना सांगा.

जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर पिल्लं बाहेर येताना दिसायची शक्यता जास्त, अंडी फुटायला साधारण दोन महिने लागतात.

प्रश्न: गाडी भाड्याने घ्यावी का? उत्तरेला जंगल आणि स्पेसाइड एका दिवसात होईल?

उत्तर: गाडी घ्या, इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथूनच काढून न्या. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात त्यामुळे सवय लागायला वेळ नाही लागत. पण उत्तरेचे रस्ते अरुंद, वळणावळणाचे, नकाशावर दिसतं त्याच्या दुप्पट वेळ धरा आणि अंधार पडायच्या आत परत या. चालवायचं नसेल तर एका दिवसासाठी टॅक्सी ठरवा, भाडं आधी बोलून. रस्त्यावर हात दाखवून थांबवायच्या शेअर टॅक्सीही आहेत, नंबरप्लेट एच अक्षराने सुरू होते ती अधिकृत, पी असेल तर खासगी गाडी, त्यात बसू नका.

एका दिवसात सगळं करायला गेलात तर दिवसभर गाडीतच जाईल, म्हणूनच मुक्काम हलवा असं वर म्हटलं. मेन रिज जंगल मात्र सोडू नका. १३ एप्रिल १७७६ ला कायदा करून हे जंगल राखलं गेलं, का, तर झाडं तोडली की पाऊस कमी होतो हे तेव्हा काही लोकांना पटलं होतं आणि उसाच्या मळ्यांना पाऊस हवा होता. पश्चिम गोलार्धात कायद्याने राखलेलं याहून जुनं जंगल नाही. गिल्पिन ट्रेस ही पायवाट घ्या, चिखल असतो, गमबूट सुरुवातीलाच भाड्याने मिळतात, गाइड घ्याच, कारण मॉटमॉट नावाचा लांब शेपटीचा पक्षी तुमच्या डोक्यावर बसलेला असेल आणि तुम्हाला दिसणार नाही.

कॅस्टारात नशीब असेल तर जाळं ओढताना बघाल. होडी अर्धवर्तुळात जाळं टाकत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि मग गावातले जे असतील ते सगळे ओढायला लागतात. तुम्ही पण लागा, कुणी अडवत नाही. किनाऱ्यामागे मातीची भट्टी आहे, ठराविक दिवशी गावातल्या बायका तिच्यात पाव भाजतात, कुठल्या दिवशी ते गावात गेल्या गेल्या विचारून ठेवा. गरम नारळाचा पाव एकदम संपतो.

स्पेसाइडला जेमाज नावाचं रेस्टॉरंट झाडाला लगटून, समुद्रावर बांधलंय, दुपारचं जेवण तिथे घ्या, निघण्याआधी फोन करून उघडं आहे का विचारा. समोरच्या लिटल टोबॅगो बेटावर पक्षी बघायला बोटी जातात, लाल चोचीचे ट्रॉपिकबर्ड तिथल्या कड्यांवर घरटी करतात. डायव्हिंग करणाऱ्यांना तर वेगळं सांगायला नको, तिथला मेंदूच्या आकाराचा प्रवाळ जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक मानला जातो.

प्रश्न: कुठल्या महिन्यात जावं? वादळांची भीती वाटते. आणि संध्याकाळी करण्यासारखं काही आहे का?

उत्तर: जानेवारी ते मे कोरडा काळ, जून ते डिसेंबर पावसाचा, पण पाऊसही बरेचदा सर येऊन जाते असा. टोबॅगो वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे, तरी अगदीच सुरक्षित म्हणता येत नाही, ३० सप्टेंबर १९६३ ला फ्लोरा वादळाने हे बेट झोडपून काढलं होतं, मेन रिजचं जंगलही तेव्हा आडवं झालं. भीती वाटत असेल तर ऑगस्ट ते ऑक्टोबर टाळा.

माझी आवडती वेळ ईस्टर. ईस्टरनंतरच्या मंगळवारी बुकूत बकऱ्यांची शर्यत असते, १९२५ पासूनची. जॉकी बकऱ्यावर बसत नाही, दोर धरून त्याच्या मागे जीव तोडून पळतो, आणि बकऱ्यांची तयारी महिनोन् महिने चाललेली असते. खोल्या फार आधी भरतात कारण अख्खं त्रिनिदाद त्या आठवड्यात टोबॅगोला येतं. जुलैच्या मध्यापासून १ ऑगस्टपर्यंत हेरिटेज फेस्टिव्हल असतो, गावोगावचे नाच, जुन्या पद्धतीच्या लग्नाची मिरवणूक, तेही छान.

दर रविवारी रात्री बुकूत संडे स्कूल असतं. नाव शाळेचं पण आहे रस्त्यावरची पार्टी, सुरुवातीला स्टीलपॅन हे पोलादी पिंपाचं वाद्य वाजतं आणि उशिरा मोठ्या स्पीकरचं संगीत. वडीलधारे सोबत असतील तर पॅन ऐकून निघा. आणि अमावस्येच्या आसपास असाल तर बॉन अकॉर्डच्या खाडीत कयाकने जा, खारफुटीमधल्या पाण्यात वल्हं मारलं की निळा उजेड पेटतो, सूक्ष्म जीवांमुळे. चांदण्या रात्री पैसे घालवू नका, काही दिसत नाही.

प्रश्न: फेब्रुवारी २०२४ मध्ये तेल सांडल्याची बातमी वाचली होती. किनारे काळे आहेत का?

उत्तर: तेल सांडलं ते एका उलटलेल्या बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीतून, आणि तो बार्ज दक्षिणेच्या, अटलांटिककडच्या बाजूला होता, लॅम्बो आणि स्कारबरोजवळच्या किनाऱ्यांना फटका बसला. स्टोअर बे, पिजन पॉइंट, कॅस्टारा हे कॅरिबियनच्या बाजूचे. पोहायला तसंही याच बाजूला जायचं असतं, अटलांटिककडे लाटा आणि ओढ दोन्ही जास्त.

प्रश्न: मी एकटी जाणार आहे, वय ३४. सुरक्षित आहे का?

उत्तर: दिवसा, माणसं असलेल्या किनाऱ्यांवर, शेअर टॅक्सीत, टपऱ्यांवर, तुम्हाला त्रास होईल असं मला वाटत नाही. मात्र देशात गुन्हेगारीचा प्रश्न खरा आहे, विशेषतः त्रिनिदादमध्ये, २०२४ च्या अखेरीस आणीबाणीही लावली होती, त्यामुळे तिकीट काढण्याआधी आणि निघण्याआधी प्रवाशांसाठीची ताजी सरकारी सूचना वाचा. अंधार पडल्यावर किनाऱ्यावर एकटीने फिरणं नको, निर्जन किनाऱ्यावर सामान टाकून पोहणं नको, संडे स्कूलहून परतायची टॅक्सी आधीच ठरवा. पुरुष गप्पा मारायला येतील, हॉटेलचं नाव सांगायची गरज नाही, हसून नाही म्हटलं की बहुतेक जण निघून जातात. पोहायला लाइफगार्ड असेल तिथेच, झेंड्यांच्या मध्ये.

दोन गोष्टी ज्या कुणी सांगत नाही. लष्करी ठिपक्यांच्या डिझाइनचे कपडे, टोपी, बॅग, काहीही नेऊ नका, तिथे तो कायद्याने गुन्हा आहे, लहान मुलांच्या कपड्यांनाही लागू. आणि किनाऱ्यावर छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं असलेलं मँचिनील नावाचं झाड दिसलं तर लांब राहा, फळ विषारी, चीक अंगाला लागला तर फोड येतात, पावसात त्याच्याखाली उभंही राहायचं नाही. सगळ्याच झाडांवर खूण केलेली नसते.

प्रश्न: कागदपत्रांचं काय?

उत्तर: व्हिसाचे नियम दूतावासाकडून बघा. पण भारतातून थेट विमान नाही, त्यामुळे मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा हा खरा प्रश्न, अमेरिकेतून जाणार असाल तर तिथला व्हिसा लागतोच.

दुसरं म्हणजे पिवळ्या तापाची लस. भारताच्या यादीत त्रिनिदाद आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावरून थेट क्वारंटाइनमध्ये नेऊ शकतात. टोबॅगोला जाताना बहुतेकांचं विमान त्रिनिदादलाच बदलतं म्हणून लस घेऊनच निघा, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रातच. एकदा घेतली की कार्ड आयुष्यभर चालतं. पण साठीच्या पुढे या लसीचा धोका थोडा वाढतो, आणि अंड्याची अॅलर्जी असेल तरीही विचार करावा लागतो. वर ज्यांनी ६८ वर्षांच्या आईबद्दल विचारलंय त्यांनी आणि सासू-सासऱ्यांना नेणाऱ्यांनी बुकिंगच्या आधी डॉक्टरांशी बोला, नंतर नको.

प्रश्न: येताना काय आणू?

उत्तर: टोबॅगोच्या कोकोचं चॉकलेट, बेने बॉल्स म्हणजे तिळाचे कडक लाडू, आणि मिरचीचा सॉस. ख्रिसमसच्या सुमाराला गेलात तर लाल अंबाडीची सुकी बोंडं, त्यांचं सॉरेल नावाचं सरबत तिथे घरोघरी होतं. सॉसची बाटली हातातल्या बॅगेत चालणार नाही, चेक-इनच्या बॅगेत प्लास्टिकच्या दोन पिशव्या गुंडाळून ठेवा. शंख आणि प्रवाळ मात्र कितीही सुंदर दिसले, कुणी विकायला आणले, तरी घेऊ नका.